वाख आणि लोकर

युरोपात जवसाच्या खोडापासून लिनन कातत, आपल्याकडे जवस पिकतो तो तेलासाठी आणि चटणीसाठी. वनस्पती एकच, पण धाग्याचा वाण उंच आणि कमी फांद्यांचा, तेलाचा बुटका आणि फांद्यांचा. मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्यासारख्या डोंगरी भागात धाग्यासाठी जवसाच्या जागी अंबाडीकडे पाहावे. कोवळा पाला भाजीला, खोडाची साल दोरासाठी!

अंबाडी कापून तिच्या जुड्या साचलेल्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवतात. दोन-तीन आठवड्यांत पाण्यातले जिवाणू सालीतला चिकट भाग कुजवतात आणि साल काडीपासून सुटते. दिवस कमी पडले तर ती सुटत नाही, जास्त झाले तर धागाच कुजतो. म्हणून जाणता माणूस मधूनच एक काडी सोलून बघतो. जवसाचा धागाही असाच कुजवून काढतात. हा धुऊन वाळवलेला धागा म्हणजे वाख. तो मांडीवर तळव्याने वळला की दावी, कासरे तयार होतात.

लोकरीचे माहेर मात्र घाटावर. कोकणचा पाऊस मेंढरांना सोसत नाही, म्हणून हिवाळ्यात खाली उतरणारे धनगर पावसाआधी परततात. कातरलेली लोकर पिंजून, चरख्यावर किंवा चातीवर कातून सूत होते. कातण्याचे काम बहुतेक घरच्या बायकांचे. मजुरीच्या हिशेबात ते क्वचितच धरले जाते, हे मला खटकते. सणगर विणकर त्या सुताची मागावर घोंगडी विणतात. ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, त्यामुळे नवी घोंगडी ताठ असते.