नायक कुणी घडवला?

काही वर्षांपूर्वी एका कविसंमेलनात मी एक उपरोधिक कविता वाचली. हात जोडून चौकाचौकात उभा असलेला, सगळ्यांचे भले करणारा एक ‘भाग्यविधाता’ त्या कवितेत होता. कार्यक्रम संपल्यावर एक तरुण जवळ आला आणि आदराने म्हणाला, "सर, कविता फार आवडली. आमच्या साहेबांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर टाकली तर चालेल ना?" हसावे की रडावे, मला कळेना. घरी येऊन पत्नीला सांगितले, तर ती म्हणाली, "त्याला कशाला हसता? कौतुकाचे शब्द तुम्हीच लिहिलेत ना?"

तिच्या या प्रश्नाने मला फ्रँक हर्बर्ट या अमेरिकन लेखकाची आठवण झाली. त्याची ‘ड्यून’ ही विज्ञान कादंबरी १९६५ साली पुस्तकरूपाने आली. वीसहून अधिक प्रकाशकांनी नाकारल्यावर ती छापली, ती मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध असलेल्या चिल्टन या संस्थेने. पुढे ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथेतले दोन्ही मानाचे पुरस्कार तिला मिळाले.

कथा घडते आपल्यापासून हजारो वर्षे पुढे. अराकिस नावाच्या वाळवंटी ग्रहावर पाऊस पडतच नाही. तिथे पॉल या तरुणाच्या वडिलांना शत्रू दगाफटका करून ठार मारतात. पॉल आईला घेऊन वाळवंटात पळतो. तिथले फ्रेमेन लोक त्याला आपला तारणहार मानतात आणि त्यांच्या बळावर तो सम्राटाला नमवतो. कट, विषप्रयोग, पाठलाग, द्वंद्वयुद्ध असे रहस्यकथेला लागणारे सगळे यात आहे. पुस्तक हातातून सुटत नाही.

वाचकांनी मात्र त्यात आपापले पुस्तक शोधले. आर्थर क्लार्क यांनी त्याची तुलना टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’शी केली, खुद्द टॉल्किन यांना ते मुळीच आवडले नाही. पर्यावरणवाद्यांनी ते डोक्यावर घेतले. पुस्तकाची अर्पणपत्रिकाच कोरडवाहू प्रदेशांत काम करणाऱ्या पर्यावरण शास्त्रज्ञांच्या नावे आहे.

मी कॉलेजच्या वाचनालयात ते प्रथम वाचले, तेव्हा मला थांबवले ते शब्दांनी. लोक पॉलला ‘महदी’ म्हणतात, ‘लिसान अल-गैब’ म्हणतात. लिसान म्हणजे जीभ, गैब म्हणजे अदृश्य. ही तर फारसी कवी हाफिजची पदवी! पॉल वाळवंटातल्या एका उंदरावरून ‘मुअद्दिब’ हे नाव घेतो. अरबीत मुअद्दिब म्हणजे अदब शिकवणारा, शिक्षक. आमच्या घरातले शब्द इतक्या दूरच्या काळात पोचलेले पाहून मला गंमत वाटली. ‘जिहाद’ हा शब्दही तिथे होता. उर्दूतल्या ‘जद्दोजहद’मधला जहद त्याच धातूचा, अर्थ धडपड. पण २००१ नंतर तेच पान पुन्हा वाचताना मी दचकलो. पुस्तक बदलले नव्हते, वाचक बदलला होता. २०२१ च्या चित्रपटात तर त्या शब्दाऐवजी ‘पवित्र युद्ध’ असे शब्द आले.

आणखी एक प्रसंग. फ्रेमेनांचा म्होरक्या पॉलच्या वडिलांसमोर टेबलावर थुंकतो. सगळे संतापतात. मग उलगडा होतो, की जिथे थेंबथेंब मोलाचा, तिथे अंगातला ओलावा देणे हा सन्मान आहे. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा मला हे पान आठवले होते.

पण बहुतेक वाचकांनी मनात ठेवला तो पॉल. शूर, देखणा, अन्यायाचा सूड घेणारा. हर्बर्टला सांगायचे होते ते नेमके उलटे: नायकांपासून सावध राहा. तारणहाराची भाकिते फ्रेमेनांमध्ये आधीच हेतुपुरस्सर पेरली होती, हे कादंबरीत स्पष्ट आहे. आपल्या नावाने भयंकर युद्ध पेटणार, हे पॉलला दिसत असते. वाळवंटात मरायला टाकलेल्या एका शास्त्रज्ञाला भ्रमात वडिलांचा आवाज ऐकू येतो, तोही नायकाचा धोकाच सांगतो. मग वाचकांना हे दिसले कसे नाही?

कारण रहस्यकथेचा वेग. इशारा वाचताना आपला जीव पॉलमध्ये अडकलेला असतो. तो वाचला की नाही, हे पाहायला आपण इशाऱ्यावरून उडी मारून पुढे धावतो. आणि जीव अडकेल अशी योजना कुणी केली? लेखकानेच.

हर्बर्टने मग ‘ड्यून मसाया’ हा दुसरा भाग लिहिला. त्यात पॉल सम्राट आहे आणि त्याच्या नावाने एकसष्ट अब्ज माणसे मारली गेली आहेत. शेवटी तो आंधळा होऊन एकटाच वाळवंटात चालत जातो. पहिली कथा आपल्या मासिकात क्रमशः छापणारे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी ही नाकारली. त्यांना नायक हवा होता. १९६९ मध्ये ती दुसऱ्या मासिकात आली आणि अनेक वाचक हिरमुसले. २०२४ च्या चित्रपटात दिग्दर्शकाने निराळी युक्ती केली. सगळे पॉलपुढे गुडघे टेकतात, तेव्हा त्याची प्रेयसी चानी मान न झुकवता निघून जाते. लेखकाचा इशारा आता एका माणसाच्या रूपाने डोळ्यांसमोर उभा राहिला. तरीही चित्रपटगृहातून बाहेर पडणारी मुले पॉलचेच संवाद म्हणत होती!

मित्रहो, यात वाचक मूर्ख ठरत नाही. गांजलेल्या माणसाला कुणीतरी येईल आणि सोडवील, ही आशा सुटत नाही. पुस्तक वाचताना ती बाजूला ठेवून तो कसा बसेल? लेखकाला तिच्याशी झगडायचे असेल, तर आधी ती ओळखावी लागते.

त्या तरुणाला मी तेव्हा तुटकपणे ‘नाही’ म्हणालो आणि रिक्षात बसलो. आता वाटते, चुकलेच. त्याला घेऊन समोरच्या टपरीवर चहा घ्यायला हवा होता आणि विचारायला हवे होते, "बाबा रे, यातली कुठली ओळ तुला आवडली?"

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)