माडियांच्या गावात तीन दिवस

सुटी लागली की आपल्यापैकी ज्यांना जमते ते महाबळेश्वरला किंवा चिखलदऱ्याला जातात. ताडोबाला तर आपण चंद्रपूरकर घरच्यासारखे जातो. परंतु आपल्याच जुन्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, इंद्रावतीच्या काठी, डोंगरात राहणाऱ्या माणसांकडे जावे असे आपल्याला सहसा सुचत नाही. मलाही सुचले नव्हते. ते सुचवले आमच्या एका वर्गमित्राने. तो भामरागड तालुक्यातील माडिया मुलगा. दोन वर्षे तो आमच्या शेजारच्या बाकावर बसत होता. त्याचे आणि त्याच्या गावाचे नाव येथे मुद्दामच देत नाही, कारण छापील कागदावर स्वतःचे नाव पाहणे त्याला रुचणार नाही.

मागच्या डिसेंबरात आम्ही सहा विद्यार्थी आणि आमचे एक सर असे सातजण त्याच्यासोबत निघालो. चंद्रपूरहून गोंडपिपरीमार्गे आष्टीला वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता. आष्टीजवळ चपराळ्याला वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात आणि पुढे त्यांची प्राणहिता होते. आलापल्लीचे सागवान आपण ऐकून असतो. तेथील जुन्या सागाचा एक तुकडा ‘वनवैभव’ म्हणून राखलेला आहे आणि २०१४ साली त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. आलापल्लीपासून भामरागड साठ-पासष्ट किलोमीटर. भामरागडच्या थोडे अलीकडे हेमलकसा लागते. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आपले आयुष्य येथे घालवले, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम आहे. इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगड आणि त्याच्या आत अबूझमाडचे डोंगर. आमच्या मित्राचे गाव भामरागडपासून पायवाटेने तीन तासांवर.

येथे थोडे थांबून माडिया म्हणजे कोण हे सांगायला हवे. गोंड हा मध्य भारतातील फार मोठा समाज. आपल्या चंद्रपूरचा कोट, बल्लारपूरचा किल्ला ही गोंड राजांची कामे. १७५१ साली ते राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात ज्यांना फाशी झाली ते बाबुराव शेडमाकेही गोंडच. माडिया हे याच मोठ्या कुळाचे डोंगरी भावंड. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींची गणना केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत केली आहे. त्यांपैकी कोलाम जिवतीच्या माणिकगड डोंगरात आहेत आणि माडिया भामरागड-एटापल्लीकडे. म्हणजे तिघांपैकी दोन आपल्या दाराशी.

माडिया भाषा मराठीची बोली आहे असे मी जाण्यापूर्वी समजत होतो. ते साफ चूक निघाले. माडिया आणि गोंडी या द्राविड कुळातील भाषा आहेत, म्हणजे त्यांचे नाते तेलुगू, कानडी आणि तमिळशी. माडियात गावाला ‘नार’ म्हणतात. आमच्या सरांनी सांगितले की तमिळनाडूतील ‘नाडू’ आणि हा ‘नार’ एकाच मुळातले आहेत. झाडाला गोंडीत ‘मरा’ म्हणतात, कानडीत ‘मर’. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख लोक नोंदले गेले, तरी ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. १९१८ साली मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी गोंडीसाठी लिपी तयार केली, पण शाळेत मूल जाते ते मराठीच्या. धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली ती याच ओढीने.

आता पायवाटेकडे वळू. शहरातला माणूस डोंगर चढतो तेव्हा शिखर गाठायचे असते. माडिया माणूस डोंगरातून चालतो तेव्हा त्याला पलीकडच्या गावी, शेतावर किंवा पाण्यावर जायचे असते. म्हणून त्यांची वाट सरळ वर चढत नाही. ती डोंगराच्या अंगाने फिरत, नाल्याला जिथे पाणी गुडघ्याखाली असते तिथे ओलांडत जाते. सगळे एकामागे एक चालतात. आम्ही जोडीजोडीने गप्पा मारत चाललो होतो, तर आमचा मित्र हसून म्हणाला, “रांगेत चाला गा, वाट एकाचीच आहे.” वर्गात कधी न बोलणारा हा मुलगा तेथे सारखा बोलत होता. हे मोहाचे झाड, हा तेंदू, हा गोरगा. गोरगा म्हणजे आपला भेरली माड. त्याचा रस काढतात आणि सणासुदीला पाहुण्याला देतात. प्रत्येक झाडाचा मालक कोण, हेही त्याला माहीत होते.

गाव जवळ आले तेव्हा वाटेच्या कडेला, झाडांच्या सावलीत काही उभे दगड दिसले. काही पुरुषभर उंच, काही मांडीएवढे, काही वाकलेले. चालून चालून पाठ दुखत होती. मी पिशवी एका दगडाला टेकवली आणि स्वतःही रेलून बसलो. एका मित्राने माझा फोटोही काढला. आमचा माडिया मित्र मागून येत होता. तो काही बोलला नाही. त्याने माझी पिशवी उचलून आपल्या खांद्यावर घेतली आणि पुढे चालू लागला. मला वाटले, पाहुणचार करतो आहे.

रात्री जेवण झाल्यावर मी त्याला विचारले, “ते दगड कसले रे?”

तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “तू टेकला होता ना, तो माझा आजोबा आहे.”

‘आजोबांचा’ आहे असे तो म्हणाला नाही. ‘आजोबा’ आहे म्हणाला. मला त्या रात्री झोप लागली नाही.

माडिया लोक मेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ दगड उभा करतात. दगड दुरून आणावा लागतो, त्याला गाव लागते, भावकी लागते, जेवण घालावे लागते. म्हणून तो लगेच उभा राहील असे नाही. पुरातत्त्वाचे अभ्यासक या प्रथेकडे विशेष लक्ष देतात, कारण नागपूरजवळ जुनापाणीला लोहयुगातील शिलावर्तुळे आहेत, आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात हिरापूरला महापाषाणी दफनस्थळ आहे. त्या काळच्या लोकांचा आणि आजच्या माडियांचा थेट संबंध जोडणे घाईचे होईल. पण मृतासाठी मोठा दगड उभा करणे म्हणजे काय, हे जिवंत माणसांकडून ऐकायचे असेल तर ती संधी महाराष्ट्रात या डोंगरांत आहे. आणि मी त्या दगडाला पाठ लावून फोटो काढला होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मित्राच्या वडिलांसमोर जाऊन चूक कबूल केली. मित्राने माझे बोलणे माडियात सांगितले. ते मोडक्या मराठीत म्हणाले, “तुला कोण सांगितला? कोणी नाही. आता माहीत झाला.” एवढेच. फोटो मी तेथेच पुसून टाकला.

आता गोटुलाविषयी. आपल्याकडे गोटुल हा शब्द उच्चारला की काहीजण एकमेकांकडे पाहून हसतात. निघण्यापूर्वी आमच्यातही तसे झाले होते. हा गैरसमज कसा झाला ते समजून घेण्यासारखे आहे. व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ साली बस्तरमधील मुरिया जमातीच्या गोटुलावर मोठा ग्रंथ लिहिला. मुरियांच्या गोटुलात अविवाहित मुले-मुली एकत्र राहत. पुढे त्या ग्रंथातील गंभीर अभ्यास बाजूला राहिला आणि चविष्ट गोष्टी तेवढ्या पसरल्या, आणि त्या सगळ्याच गोंडांना चिकटल्या. वास्तविक बस्तर संस्थानचे प्रशासक राहिलेले ग्रिग्सन यांनी १९३८ च्या आपल्या पुस्तकात डोंगरी माडियांचे गोटुल मुलांचे असते, मुली तेथे निजत नाहीत, असे नोंदवले होते. आम्ही पाहिलेले गोटुल म्हणजे गावाच्या मध्यावर लाकडी खांबांवर उभे असलेले उघडे छप्पर. पाहुण्यांची सोय तेथे, गावची बैठक तेथे, भांडणाचा निवाडा तेथे. आम्ही तेथेच झोपलो. मध्ये शेकोटी होती आणि भोवती म्हातारी माणसे उशिरापर्यंत बोलत होती.

दुसऱ्या संध्याकाळी तेथे बैठक झाली. विषय तेंदूपत्ता आणि बांबू. सगळे बोलले, बायकाही बोलल्या. कोणी हात वर करून मतदान केले नाही. एकजण पटत नाही म्हणाला तर विषय तेथेच थांबवला आणि पुन्हा बसायचे ठरले. आम्हाला हे वेळखाऊ वाटले. सरांनी मेंढा-लेखाची आठवण करून दिली. धानोरा तालुक्यातील या गोंड गावाने ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचे राज्य, ही घोषणा दिली आणि सर्वसहमतीनेच निर्णय घेण्याची रीत पाळली. (‘नाटे’ हे ‘नार’चेच रूप, ‘गावात’ या अर्थी.) २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू वाहून नेण्याचे परवाने ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडले. आज अनेक ग्रामसभा तेंदू-बांबूचे व्यवहार स्वतः करतात. म्हणजे आम्ही ज्याला वेळखाऊ म्हणत होतो, त्या गोटुलातील बसण्यावरच हे सारे उभे आहे.

त्या संध्याकाळी आम्ही आणखी एक चूक केली. “आम्हाला रेला नृत्य दाखवता का?” असे आमच्यापैकी एकाने विचारले. म्हातारी बाई हसली आणि तिने काहीतरी विचारले. मित्राने सांगितले, “ती म्हणते, आज काय आहे?” नाच लग्नात असतो, पंडुमात असतो. पंडुम म्हणजे सण. नवा आंबा खाण्यापूर्वी मरका पंडुम करतात, पेरणीपूर्वी बियाण्याचा सण करतात. त्याआधी नवे फळ तोंडात घालत नाहीत. याला कोणी अंधश्रद्धा म्हणेल. पण कोवळी फळे कोणी ओरबाडू नयेत आणि सगळ्या गावाला एकाच दिवशी मिळावीत, यासाठी याहून सोपा नियम मला तरी सुचत नाही. आम्ही नाच न पाहता परतलो. कारण त्या दिवशी काही नव्हते.

जेवणात भात, आंबील, रानभाजी आणि लाल मुंग्यांची चटणी. चटणी आंबट लागते आणि मला ती आवडली, हे घरी अजून सांगितलेले नाही.

या मुलुखाने फार सोसले आहे. १९८० नंतर नक्षलवादी चळवळ येथे आली आणि बंदुकीच्या दोन्ही बाजूंनी मारला गेला तो बहुधा आदिवासीच. आता ती चळवळ पुष्कळ ओसरली आहे. रस्ते होत आहेत, फोन लागू लागले आहेत. एटापल्लीकडे सूरजागडच्या डोंगरात लोहखनिजाचे काम जोरात आहे आणि त्याच डोंगरावर माडियांच्या ठाकुरदेवाचे ठाणे आहे, तेथे जानेवारीत यात्रा भरते. पुढच्या पिढीला यातून काय मिळेल आणि काय जाईल, याचा निवाडा तीन दिवसांच्या पाहुण्याने करू नये. पण प्रश्न आहे हे आपल्याला माहीत असावे.

जगात इतरत्रही असे डोंगर आहेत. मोरोक्कोच्या ॲटलास पर्वतात राहणाऱ्या लोकांना जग ‘बर्बर’ म्हणते. हा शब्द परक्यांनी दिलेला, रानटी या अर्थाच्या ग्रीक शब्दाच्या घराण्यातला. ते स्वतःला ‘अमाझिग’ म्हणवतात. देशोदेशींचे प्रवासी पाठीवर पिशवी टाकून त्यांच्या गावांतून चालत जातात, त्यांच्या घरी उतरतात. २०११ साली मोरोक्कोने त्यांच्या भाषेला राज्यघटनेत अधिकृत भाषेचे स्थान दिले. गोंडही स्वतःला ‘कोयतूर’ म्हणवतात, हे आम्हाला या प्रवासातच कळले. ज्याच्या घरी जायचे त्याने स्वतःला दिलेले नाव तरी पाहुण्याला माहीत असावे.

पुढच्या वर्षी कोणी जाणार असेल तर चार गोष्टी सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. हिवताप तेथे अजून आहे, मच्छरदाणी न्यावी. ओळखीच्या माणसासोबतच आणि गावाला आधी विचारून जावे. गेल्यावर प्रथम गायत्याला, म्हणजे गावप्रमुखाला, भेटावे. मुलांना गोळ्या-बिस्किटे वाटून मागायची सवय लावू नये. फोटो विचारून काढावा आणि कोणी नको म्हटले तर कारण विचारू नये. आणि वाटेत उभा दगड दिसला तर त्याला टेकू नये.

परत आल्यावर आम्ही एक वही केली. तिच्यात सध्या एकसष्ट माडिया शब्द आहेत. ‘नार’ पहिला आहे. शब्द आमचा मित्र सांगतो, आम्ही देवनागरीत लिहितो, आणि उच्चार चुकला की तो पोट धरून हसतो. दोन वर्षांत आम्ही त्याला इतके हसताना पाहिले नव्हते. त्या काळात मराठीत चुकलो तर लोक हसतील म्हणून तो गप्प राहत होता, हे त्याने आता सांगितले. वही मराठी विभागाच्या कपाटात ठेवली आहे. ज्यांना भर घालायची असेल त्यांनी जरूर घालावी. मात्र आधी त्याला विचारून.