‘बॉइज’ पन्नाशीला येतात तेव्हा

प्रत्येक पिढीला तिच्या कोवळ्या वयात कोणीतरी एक गाणारा भेटतो आणि तो मनात कायमचा मुक्काम ठोकतो. माझ्या आजोबांच्या पिढीला बालगंधर्व भेटले, आईच्या पिढीला किशोरकुमार. आम्ही मंडळी १९९० नंतर केबलच्या टीव्हीसमोर बसून गृहपाठ करणारी. आम्हांला भेटले सातासमुद्रापलीकडचे पाच तरुण. नाव त्यांचे ‘बॅकस्ट्रीट बॉइज’. ज्येष्ठ वाचकांना हे नाव परके वाटले, तर त्यांनी आपल्या घरातील चाळिशीकडे झुकलेल्या मुलीला अथवा सुनेला विचारून पाहावे. तिचा चेहराच काय ते सांगेल!

या पाच जणांचा संघ १९९३ साली अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात, ऑर्लँडो शहरी जमला. तेथील एका बाजाराच्या नावावरून संघाचे बारसे झाले. सर्वांत थोरला केव्हिन रिचर्डसन तेव्हा २१ वर्षांचा होता आणि धाकटा निक कार्टर अवघा १३ वर्षांचा. केव्हिनचा चुलत-मावस नात्यातला भाऊ ब्रायन लिट्रेल, हाउई डरो आणि ए. जे. मॅक्लीन हे बाकीचे तिघे. यांचे खरे भांडवल वाद्ये नव्हेत, गळे. आपल्याकडे चार जण मिळून आरती म्हणतात तेव्हा सारे एकाच सुरात म्हणतात. यांच्याकडे पाच जण एकच ओळ एकाच वेळी निरनिराळ्या स्वरांवर गातात. केव्हिन खर्जात, हाउई वरच्या पट्टीत आणि बाकीचे मधल्या घरात. त्या मिश्रणाला जी गोडी येते, ती एकट्या गळ्याला साधत नाही.

त्यांची ‘मिलेनियम’ ही ध्वनिमुद्रिका मे १९९९ मध्ये निघाली आणि पहिल्याच आठवड्यात एकट्या अमेरिकेत तिच्या ११ लाखांहून अधिक प्रती खपल्या. मी तेव्हा डोंबिवलीत आठवीत होते. आमच्याकडे तिची कॅसेट आली आणि इतकी वाजली, की फीत सैल पडून टेपरेकॉर्डरमध्ये अडकू लागली. मग पेन्सिल घालून ती गुंडाळायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू! माझी शेजारची मैत्रीण ऐकून ऐकून शब्द वहीत उतरवून घेई. आम्ही दोघी मराठी शाळेतल्या. निम्मे शब्द कळत नसत, ते आम्ही अंदाजाने लिहीत असू.

गंमत पाहा, त्यांच्या सर्वांत गाजलेल्या ‘आय वॉन्ट इट दॅट वे’ या गाण्याचा अर्थ इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही नीटसा लागत नाही! ते रचले मॅक्स मार्टिन आणि आंद्रेआस कार्लसन या दोन स्वीडिश गृहस्थांनी. मार्टिनसाहेबांचे इंग्रजी त्या वेळी बेताचेच होते. अर्थाचा मेळ बसावा म्हणून त्याच गाण्याचे नव्या शब्दांत पुन्हा ध्वनिमुद्रणही झाले. परंतु या पाच जणांनी पहिलेच गाणे ठेवले. चाल आणि शब्दांचा नाद यांपुढे अर्थाला त्यांनी दुय्यम मानले. डोंबिवलीतल्या दोन मुलींना जे न कळता आवडले, ते जगालाही तसेच आवडले होते, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचून समजले.

त्यांच्या वाट्याला नुसते सुखच आले असे मात्र नाही. ज्या लू पर्लमन नावाच्या गृहस्थाने हा संघ उभा केला, तो स्वतःला सहावा गडी म्हणवून कमाईत वाटा घेत होता. १९९८ मध्ये मुलांनी त्याला कोर्टात खेचले. पुढे गुंतवणूकदारांना कोट्यवधी डॉलरना फसविल्याबद्दल २००८ मध्ये त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली आणि २०१६ मध्ये तो कैदेतच वारला. त्याच १९९८ साली ब्रायनच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. त्याच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होते. तरीही थोड्याच आठवड्यांत पठ्ठ्या पुन्हा रंगमंचावर उभा राहिला. २००६ मध्ये केव्हिन संघ सोडून गेला आणि २०१२ मध्ये परत आला. २०१० मध्ये ही मंडळी भारतात आली होती, पण तेव्हा ती चौघेच होती.

म्हणून ४ मे २०२३ रोजी पाचही जण मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील जिओ वर्ल्ड गार्डनमध्ये गाणार असे वाचले, तेव्हा मी पुण्याला मैत्रिणीला फोन लावला. तिने पुरते ऐकूनही घेतले नाही. “अगं, विचारतेस काय? दोन तिकिटे काढ!” इकडे सासूबाईंनी विचारले, “त्या मुलांची वये काय गं आता?” मी म्हटले, “थोरला एक्कावन्न, धाकटा त्रेचाळीस.” त्या गंभीरपणे म्हणाल्या, “बरं, म्हणजे मुलंच!” आणि रात्रीच्या स्वयंपाकाचे आपण पाहू असे सांगून त्यांनी मला मोकळे केले.

मे महिन्यातली मुंबई, तेव्हा उकाड्याचे वर्णन करीत नाही. आत शिरल्यावर पाहिले, तो जिकडेतिकडे आमच्याच वयाची माणसे. कोणी कचेरीतून थेट आलेली, कोणी घरी फोन करून मुलांना दूध प्यायला सांगणारी. दोन तास उभे राहायचे म्हणून मैत्रिणीने पायांत सपाट चपला घातल्या होत्या. दिवे मंदावले, पाच आकृत्या दिसल्या, आणि जो गलका झाला त्यात आमच्या दोघींचाही आवाज होता, हे सांगायला मला मुळीच संकोच वाटत नाही.

माझे लक्ष मात्र ब्रायनकडे होते. संघातला सर्वांत निर्मळ आवाज त्याचा. पुढे त्याच्या गळ्याला एक व्याधी जडली. बोलताना-गाताना कंठाभोवतीचे स्नायू आवळले जातात आणि स्वर मोकळा सुटत नाही. हे त्याने लपवून ठेवलेले नाही. २०१५ मध्ये संघावर निघालेल्या माहितीपटातही त्याची उघड चर्चा आहे. गाणाऱ्याचा गळाच धरावा, याहून क्रूर थट्टा ती कोणती! त्या रात्री मी ऐकला तो आवाज कॅसेटमधला नव्हता. वरच्या स्वराला तो घासत होता, मध्येच अडत होता.

कार्यक्रम संपत आला तेव्हा ते प्रसिद्ध गाणे सुरू झाले. त्याची पहिली ओळ ब्रायनची. त्याने ती उचलली मात्र, आणि सारे मैदान गाऊ लागले. हजारो माणसे, प्रत्येकाला अक्षर न् अक्षर पाठ. त्याचा स्वर कोठे अडला आणि लोकांचा कोठे सुरू झाला, हे मला सांगता येणार नाही. माझी मैत्रीण डोळे पुसत होती आणि तरीही गातच होती. वहीतले चुकीचे शब्दच गात होती!

तेथे उभी असताना मला आजोबांचे एक बोलणे आठवले. बालगंधर्व साठीच्या घरात पोचले, शरीर सुटले, आवाज थकला, तरी शालू नेसून उभे राहत आणि लोक गर्दी करीत. “आता त्यांत काय ऐकायचे राहिले होते?” असे कोणी विचारले, की आजोबा म्हणत, “ते सुरुवात करीत. उरलेले आम्हांला ऐकू येई.”

पुष्कळांचे मत असे, की लहानपणीचे आवडते कलावंत पुन्हा पाहू नयेत, मनातले चित्र भंगते. चित्र बदलते हे खरेच. टीव्हीवरची ती गुळगुळीत पोरे कोठल्या कोठे गेली होती. समोर होते संसार, आजार, भांडणे आणि समेट यांतून पार पडलेले पाच बाप्ये. परंतु आम्ही तरी कोठे आठवीत राहिलो होतो? त्या पोरांशी आमचे नाते दुरून पाहण्याचे होते. या बाप्यांशी बरोबरीचे झाले. एकाचा गळा अडला तर बाकीचे चौघे त्याला बाजूला सारीत नाहीत, आणि ज्यांच्यासाठी तो गायला तेही त्याला एकटा पाडीत नाहीत, हे पाहायला मिळाले. हे १९९९ साली कोणत्याही कॅसेटमध्ये मिळाले नसते.

तेव्हा वाचक हो, तुमच्या वेळचा कोणी गायक, कोणी वादक अजून गात-वाजवीत असेल आणि तुमच्या गावी येणार असेल, तर “आता पूर्वीचा आवाज राहिला नाही” असे म्हणून घरी बसू नका. जाऊन या. गाणे तुम्हांला पाठ असेल तर सोबत म्हणा. त्यालाही आता सोबतीची गरज असेल.