पोटाचा घेर आणि घरची ज्वारी



पावसाळ्यात हिरवा चारा आला, तरी जनावराची वैरण आपण एकदम बदलीत नाही. कडब्यात थोडा थोडा मिसळून त्याची सवय लावतो. दाणा जादा झाला तर जनावराचे पोट बिघडते, हेही अनुभवाने आपणांस ठाऊक आहे. ह्याचे कारण असे की, जनावराच्या पहिल्या पोटात असंख्य सूक्ष्म जंतू असतात व वैरण पचविण्याचे काम तेच करतात. मनुष्याच्या मोठ्या आतड्यातही असे उपकारक जंतू आहेत. परंतु त्यांच्या खाद्याकडे आपण क्वचितच लक्ष देतो.

हे खाद्य म्हणजे धान्य, डाळी व भाजीपाला ह्यांतील तंतू होत. ते लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातील जंतू ते आंबवितात आणि त्यापासून तयार होणारी आम्ले आतड्याच्या अस्तराचे पोषण करतात. भुकेचे नियमनही पोटातूनच सुरू होते. जठरातून निघणारे घ्रेलिन हे संप्रेरक भूक चाळविते; त्याचा शोध १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी लावला. आतड्यातून निघणारी इतर संप्रेरके पोट भरल्याची वर्दी मेंदूस देतात. घाईघाईने जेवणाऱ्याचे ताट ही वर्दी पोहोचण्यापूर्वीच रिकामे होते.

"आमच्या गावात लठ्ठ आहे कोण?" असे कोणी विचारील. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्या दोघा संशोधकांनी २००४ साली स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. परंतु युडकिन ह्यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के भरली. तात्पर्य, अंगाने सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या शरीरातही चरबी दडलेली असू शकते आणि तिच्यापासून मधुमेहाचा धोका संभवतो. म्हणून बरगडी व कमरेचे हाड ह्यांच्या मध्यावर टेप लावून घेर मोजावा. पुरुषांत तो ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक भरल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

परभणी जिल्ह्यात ज्वारीची भाकरी हेच पूर्वापार मुख्य अन्न. पुढे सोयाबीन वाढले, ज्वारी मागे पडली आणि ताटात भात व मैद्याचे पदार्थ आले. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात. पांढऱ्या तांदळात व मैद्यात ते ३ ग्रॅमहूनही कमी असतात. कोंड्यासह दळलेल्या गव्हातही तंतू भरपूर असतात. तथापि ज्वारी हे औषध नव्हे. तिच्यातील उष्मांक इतर धान्यांच्या जवळपासच असल्यामुळे प्रमाण राखलेच पाहिजे.

सोयाबीन सोडा, असे सांगण्याचा हेतू नाही. परंतु घरापुरती ज्वारी प्रत्येकाने पेरावी. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे "परभणी मोती" हे वाण रब्बीसाठी आहे. "परभणी शक्ती" ह्या २०१८ साली प्रसारित झालेल्या वाणात लोह व जस्त अधिक आहे. ज्वारीपासून जनावरांना कडबाही मिळतो. पीठ चाळून कोंडा टाकू नये. भाकरीबरोबर डाळ व पालेभाजी असावी आणि सावकाश जेवावे. मधुमेही व्यक्तीने आहारात बदल केला, तरी डॉक्टरांना विचारल्याविना औषध बंद करू नये.