राज्याचा वकील मतपेटीतून

नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याने आपला नवा वकील निवडण्यासाठी मतदान केले. 'अॅटर्नी जनरल' या पदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाचे मार्क हेरिंग आणि रिपब्लिकन पक्षाचे मार्क ओबेनशेन यांच्यात सरळ लढत होती. बावीस लाखांहून अधिक मतदारांनी मत दिले. अधिकृत निकाल जाहीर झाला तेव्हा हेरिंग यांना ११,०३,७७७ आणि ओबेनशेन यांना ११,०३,६१२ मते मिळाल्याचे दिसून आले. फरक अवघ्या १६५ मतांचा. मुंबईतील एखाद्या मोठ्या गृहनिर्माण संकुलात राहणाऱ्या मतदारांची संख्याही याहून जास्त भरेल. मात्र या मूठभर मतांनी त्या राज्यात कोणाला कायदेशीर विवाह करता येईल, या प्रश्नावर न्यायालयात राज्याने कोणती बाजू घ्यायची हे ठरवले.

भारतीय वाचकाला ही कल्पना काहीशी चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे राज्याचा महाधिवक्ता कोण, हे सामान्य मतदाराला सहसा ठाऊकही नसते. राज्यघटनेच्या १६५ व्या कलमान्वये राज्यपाल त्याची नेमणूक करतात, अर्थात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. तो राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पदावर राहतो आणि सरकार बदलले की बहुधा राजीनामा देतो. अमेरिकेतही केंद्रीय पातळीवरील अॅटर्नी जनरल राष्ट्राध्यक्षांच्या पसंतीने आणि सिनेटच्या संमतीने नेमला जातो. राज्यांची रीत मात्र वेगळी आहे. पन्नासपैकी ४३ राज्यांत हे पद थेट जनतेच्या मतांनी भरले जाते. अलास्का, हवाई, न्यू हॅम्पशायर, न्यू जर्सी आणि वायोमिंग या पाच राज्यांत गव्हर्नर नेमणूक करतात. मेनमध्ये विधिमंडळ गुप्त मतदानाने निवड करते, तर टेनेसीमध्ये हा अधिकार राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे आहे.

मतपेटी कशी आली?

वसाहतींच्या काळात हे पद इंग्लंडच्या राजसत्तेच्या प्रतिनिधीचे होते. स्वातंत्र्यानंतरही अनेक राज्यांत ते गव्हर्नर किंवा विधिमंडळाच्या मर्जीवर चालत राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र सत्तेची पदे मूठभर प्रतिष्ठितांच्या हातून काढून जनतेकडे सोपवावीत, असा विचार तेथे बळावला. न्यूयॉर्कने १८४६ च्या आणि व्हर्जिनियाने १८५१ च्या राज्यघटनेत अॅटर्नी जनरलचे पद लोकनियुक्त केले. त्यामागील हेतू स्पष्ट होता. गव्हर्नरने नेमलेला वकील गव्हर्नरच्या चुकांवर बोट ठेवणार नाही. जनतेने निवडलेला ठेवू शकेल.

व्हर्जिनियात गव्हर्नर, लेफ्टनंट गव्हर्नर आणि अॅटर्नी जनरल या तीन पदांसाठी दर चार वर्षांनी एकाच दिवशी, परंतु स्वतंत्रपणे मतदान होते. त्यामुळे गव्हर्नर एका पक्षाचा आणि त्याच सरकारचा वकील दुसऱ्या पक्षाचा, असे होऊ शकते. २००५ मध्ये तसेच घडले. डेमोक्रॅट टिम केन गव्हर्नर झाले, तर अॅटर्नी जनरलपदी रिपब्लिकन बॉब मॅकडॉनेल निवडून आले. त्यांची आघाडी होती ३२३ मतांची. फेरमोजणीनंतर ती ३६० झाली. पराभूत उमेदवार होते क्रे डीड्स. चार वर्षांनी हेच दोघे गव्हर्नरपदासाठी पुन्हा समोरासमोर आले आणि मॅकडॉनेल यांनी मोठ्या फरकाने विजय मिळवला. अॅटर्नी जनरलचे पद हे गव्हर्नरपदाच्या वाटेवरील पायरी समजले जाते, ते उगाच नव्हे. बिल क्लिंटन आर्कान्सामध्ये याच पदावरून पुढे गेले. कॅलिफोर्नियात २०१० मध्ये कमला हॅरिस याच पदासाठी लढल्या. मतदानाच्या रात्री प्रतिस्पर्धी स्टीव्ह कूली यांनी आपला विजय जाहीरही केला होता. परंतु मोजणी आठवडे चालली आणि हॅरिस विजयी ठरल्या.

काम काय, प्रचार कशाचा?

या पदाच्या कामाचे स्वरूप समजून घेतले म्हणजे निवडणुकीतील विसंगती लक्षात येते. व्हर्जिनियात खून, दरोडे यांसारखे बहुतेक फौजदारी खटले अॅटर्नी जनरल चालवत नाही. ते काम शहरा-शहरांत आणि कौंटीमध्ये स्वतंत्रपणे निवडून आलेले स्थानिक सरकारी वकील करतात. अॅटर्नी जनरलचे कार्यालय ही मुख्यतः राज्य सरकारची वकिली कचेरी आहे. सरकारी खात्यांना सल्ला देणे, कायद्याच्या अर्थाबाबत अधिकृत मत देणे, राज्याविरुद्धच्या दाव्यांत बचाव करणे, अपिलात शिक्षा कायम राहाव्यात म्हणून युक्तिवाद करणे आणि ग्राहकांना फसवणाऱ्या कंपन्यांना न्यायालयात खेचणे, ही त्याची रोजची कामे. प्रचारात मात्र गुन्हेगारीची भीती आणि पक्षाची ओळख याच गोष्टी पुढे येतात. करारांची छाननी कोण चांगली करील, या मुद्द्यावर कोणी सभा घेत नाही.

असे असले तरी या पदाचा आवाका लहान नाही. मिसिसिपीचे तत्कालीन अॅटर्नी जनरल माइक मूर यांनी १९९४ मध्ये सिगारेट कंपन्यांवर दावा दाखल केला. धूम्रपानाने आजारी पडलेल्या गरीब रुग्णांच्या उपचारांवर राज्याने केलेला खर्च कंपन्यांनी भरून द्यावा, अशी त्यांची मागणी होती. आरंभी विचित्र वाटलेल्या या मार्गाने पुढे एकामागून एक राज्ये गेली. अखेर १९९८ मध्ये मोठ्या कंपन्यांनी ४६ राज्यांशी तडजोड केली आणि पंचवीस वर्षांत किमान २०६ अब्ज डॉलर देण्याचे मान्य केले. मतदारांना थेट उत्तर देणाऱ्या वकिलाला असे धाडस करण्याचे बळ मिळते, हे या पद्धतीच्या समर्थकांचे सर्वांत ठोस उदाहरण.

फेरमोजणी आणि त्यानंतर

आता पुन्हा २०१३ च्या व्हर्जिनियाकडे वळू. मतदानानंतरच्या दिवसांत आघाडी या बाजूहून त्या बाजूला झुकत राहिली. राजधानी वॉशिंग्टनला लागून असलेल्या फेअरफॅक्स कौंटीत, मतदानाच्या दिवसापूर्वी मते देणाऱ्या मतदारांच्या सुमारे तीन हजार मतपत्रिका पहिल्या मोजणीत आल्याच नव्हत्या. रिचमंडमधील एका यंत्रातील मतेही राहून गेली होती. व्हर्जिनियात फेरमोजणी आपोआप होत नाही; फरक एक टक्का वा त्याहून कमी असल्यास पराभूत उमेदवाराला ती मागावी लागते. ओबेनशेन यांनी तशी मागणी केली. तीन न्यायाधीशांच्या देखरेखीखाली डिसेंबरमध्ये मते पुन्हा मोजली गेली. हेरिंग यांची आघाडी वाढून ९०७ वर गेली. ओबेनशेन यांनी १८ डिसेंबर रोजी पराभव मान्य केला.

हेरिंग यांनी ११ जानेवारी २०१४ रोजी सूत्रे हाती घेतली आणि बाराव्या दिवशी, २३ जानेवारीला, मोठा निर्णय जाहीर केला. व्हर्जिनियाच्या राज्यघटनेत विवाह केवळ स्त्री-पुरुषांमध्येच होऊ शकतो, अशी दुरुस्ती २००६ मध्ये झाली होती. सुमारे ५७ टक्के मतदारांनी तिला कौल दिला होता. हेरिंग स्वतः तेव्हा राज्याच्या सिनेटमध्ये होते आणि त्यांनीही दुरुस्तीच्या बाजूने मत दिले होते. या दुरुस्तीला नॉरफोक येथील फेडरल न्यायालयात आव्हान देण्यात आले होते. ही बंदी अमेरिकेच्या राज्यघटनेशी विसंगत आहे, त्यामुळे आपण तिचा बचाव करणार नाही, उलट आव्हान देणाऱ्या जोडप्यांच्या बाजूने उभे राहू, असे हेरिंग यांनी सांगितले. शाळांतील वर्णभेद, आंतरवंशीय विवाह आणि सैनिकी महाविद्यालयातील स्त्रियांचा प्रवेश या तिन्ही प्रश्नांवर पूर्वी व्हर्जिनियाने न्यायालयात चुकीची बाजू लढवली होती, याचीही त्यांनी आठवण करून दिली.

१३ फेब्रुवारी रोजी न्यायालयाने बंदी रद्द ठरवली. विवाह परवाने देणाऱ्या दोन न्यायालयीन अधिकाऱ्यांनी बंदीच्या बाजूने लढा पुढे नेला. तथापि जुलैमध्ये अपील न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरणात हस्तक्षेप करण्यास नकार दिला आणि त्याच दिवशी व्हर्जिनियात समलिंगी जोडप्यांना विवाह परवाने मिळू लागले. संपूर्ण देशासाठी हा हक्क मान्य करणारा निकाल जून २०१५ मध्ये आला. तोवर व्हर्जिनियातील जोडप्यांना आठ महिन्यांहून अधिक काळ तो मिळालेला होता.

सेवक कोणाचा?

या निर्णयावर टीकेची झोड उठली. विरोधकांचा प्रश्न साधा होता आणि तो सहज झटकून टाकण्याजोगा नाही. सुमारे ५७ टक्के मतदारांनी घटनेत लिहिलेल्या तरतुदीचा बचाव करण्यासाठी ज्याला पगार मिळतो, त्याने ९०७ मतांच्या बळावर तिच्याविरुद्ध उभे राहावे काय? हेरिंग यांचे उत्तर असे की, अॅटर्नी जनरलची शपथ प्रथम अमेरिकेच्या राज्यघटनेची असते आणि तिच्याशी विसंगत कायद्याचे समर्थन करणे हे त्याचे कर्तव्य असू शकत नाही.

परंतु हेच उत्तर दुसऱ्या बाजूलाही वापरता येते. हेरिंग यांच्या आधीचे अॅटर्नी जनरल, रिपब्लिकन केन कुचिनेली, यांनी २३ मार्च २०१० रोजी, राष्ट्राध्यक्ष ओबामांनी आरोग्यविमा कायद्यावर स्वाक्षरी केली त्याच दिवशी, व्हर्जिनियाच्या वतीने त्याविरुद्ध दावा दाखल केला. त्यांचाही दावा घटनेच्या रक्षणाचाच होता. असा दावा लावण्याचा राज्याला अधिकारच नाही, असे सांगून अपील न्यायालयाने तो २०११ मध्ये फेटाळला. पुढे कुचिनेली २०१३ मध्ये गव्हर्नरपदासाठी उभे राहिले आणि हरले. राष्ट्राध्यक्ष ज्या पक्षाचे, त्याच्या विरोधी पक्षाच्या अॅटर्नी जनरलनी एकत्र येऊन केंद्राविरुद्ध दावे लावायचे, हा शिरस्ता त्यानंतर अधिकच दृढ झाला आहे.

जेथे निवडणूक तेथे पैसाही येतो. रिपब्लिकन अॅटर्नी जनरलांची राष्ट्रीय संघटना १९९९ मध्ये आणि डेमोक्रॅट अॅटर्नी जनरलांची २००२ मध्ये उभी राहिली. ज्या कंपन्यांची चौकशी हे अधिकारी करू शकतात, त्यांचेच हितसंबंधी देणगीदार म्हणून त्यांच्या भोवती जमतात, हे 'न्यूयॉर्क टाइम्स'चे पत्रकार एरिक लिप्टन यांनी २०१४ मध्ये उघडकीस आणले. त्या वार्तांकनाला पुढील वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले.

मतदार वकील निवडतो की पक्ष, हा प्रश्न नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा समोर आला. पदावरील रिपब्लिकन अॅटर्नी जनरल जेसन मियारेस यांच्याविरुद्ध डेमोक्रॅट जे जोन्स उभे होते. राज्य सभागृहाच्या तत्कालीन रिपब्लिकन सभापतींविषयी हिंसक भाषा असलेले जोन्स यांचे २०२२ मधील खासगी संदेश मतदानाच्या महिनाभर आधी प्रसिद्ध झाले. जोन्स यांनी माफी मागितली. गव्हर्नरपदाच्या उमेदवार अॅबिगेल स्पॅनबर्गर यांनी मोठा विजय मिळवला, मूळच्या हैदराबादच्या गझाला हाश्मी लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून निवडून आल्या आणि त्याच लाटेत जोन्सही विजयी झाले. त्यांची आघाडी स्पॅनबर्गर यांच्याहून बरीच कमी होती. म्हणजे काही मतदारांनी उमेदवार पाहिला. परंतु बहुतेकांनी पक्षच पाहिला.

नेमणुकीचीही किंमत

मग नेमणूक करणेच बरे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण त्यापूर्वी महाराष्ट्राचा अनुभव आठवावा. मार्च २०१६ मध्ये राज्याचे तत्कालीन महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी विदर्भापाठोपाठ मराठवाड्याच्याही स्वतंत्र राज्याविषयी मत मांडले. विधिमंडळात गदारोळ झाला आणि काही दिवसांतच त्यांना पद सोडावे लागले. त्यांचे मत पटणे न पटणे हा वेगळा मुद्दा. नेमलेल्या वकिलाचे स्वातंत्र्य कोठे संपते, हे मात्र त्या प्रसंगाने दाखवून दिले.

व्हर्जिनियातील मतदाराला आपल्या राज्याचा वकील बदलता येतो. त्याबदल्यात तो वकील पुढच्या निवडणुकीकडे नजर ठेवून न्यायालयात उभा राहण्याचा धोका त्याला पत्करावा लागतो. महाराष्ट्रातील नागरिकाला हा धोका नाही. पण राज्य आपल्या नावाने न्यायालयात काय बोलते, यावर त्याचा थेट अधिकारही नाही. सरकारच्या भूमिकेविरुद्ध दाद मागणाऱ्याला मंत्रालयाचेच मत महाधिवक्त्याच्या तोंडून ऐकावे लागते. डिसेंबर २०१३ मध्ये रिचमंडमध्ये मतपत्रिका पुन्हा मोजल्या जात होत्या, तेव्हा नॉरफोकच्या खटल्यातील जोडप्यांचे भवितव्यही काही अंशी त्या गठ्ठ्यांत होते. ती ९०७ मते दुसरीकडे गेली असती, तर त्याच न्यायालयात त्याच राज्याच्या नावाने नेमका उलट युक्तिवाद झाला असता.