काटक अंगातली साखर

‘अंगाने इतके काटक, त्यांना कसली शुगर?’ घरातल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल आपण सहज बोलून जातो. पुण्याजवळच्या सहा खेड्यांनी हा समज मुळापासून हलवला.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये तिथल्या गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, बेताचं खाणाऱ्या या आयांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. इथल्या बाळांचे दंड बारीक, पण पाठीच्या कातडीखालची चरबी जवळजवळ इंग्रज बाळांइतकीच! अन्न कमी पोचलं की गर्भ आधी मेंदू सांभाळतो आणि काटकसर करतो ती स्नायूंत. जेवणानंतर रक्तातली साखर सर्वांत जास्त ओढून घेतात ते हेच स्नायू. ते मुळात कमी, त्यात साठीनंतर झिजतात, आणि त्यांची जागा चरबी घेते. वजनकाट्याला हे कळत नाही. याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने दोघांचा फोटोच छापला.

हे वाचताना मला उल्हासनगर आठवतं. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत निर्वासित उतरले, तीच छावणी पुढे उल्हासनगर झाली. तिथल्या बराकींत जन्मलेली पिढी आता पंचाहत्तरीला आली आहे, आणि कॅम्प ४ मध्ये तिच्या शेजारी गावाकडून पोटासाठी आलेली मराठी घरं आहेत. जन्माआधीच्या हलाखीचा माग पुढेही राहतो: नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या उपासमारीत जे आईच्या पोटात होते, त्यांच्या शरीराला पन्नाशीत साखर नीट हाताळता येत नव्हती. म्हणून आपल्या वृद्धांना तपासताना त्यांच्या जन्माच्या वेळची परिस्थितीही डॉक्टरांनी विचारावी, असं मला मनापासून वाटतं.

कमरेला टेप लावावी: पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८० ओलांडले की उपाशीपोटी रक्त तपासावं. बारीक माणसानेही तपासावंच. साखर १२६ किंवा जास्त निघाली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून खात्री करतात.

आणि झिजलेला स्नायू परत भरतो. बोस्टनमध्ये नव्वदीतल्या दहा वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेतलं. १९९० मध्ये निष्कर्ष छापून आले: पायांची ताकद दुपटीहून वाढली होती आणि मांडीचा स्नायू नऊ टक्क्यांनी.