जात सापडते, पणजोबा सापडत नाही

बारावीचं वर्ष आलं की मावळातल्या पुष्कळ घरांत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरते. राखीव जागेवर इंजिनिअरिंगला किंवा मेडिकलला प्रवेश घ्यायचा तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, पडताळणी होऊन वैधता लागते. त्यासाठी ओबीसींकडे १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा आणि अनुसूचित जमातींकडे ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागितला जातो. त्यात सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, पुढे तिचं काम मराठवाड्यापुरतं न राहता राज्यभर पसरलं, आणि एरवी वाळवीशिवाय कुणी न पाहिलेले गठ्ठे टेबलावर आले. मोडी वाचणाऱ्यांना अचानक मान आला. तळेगाव दाभाड्यातही शाळेचं जनरल रजिस्टर, वडगावचं तहसील आणि भूमी अभिलेख, मग पुण्याचं पुराभिलेखागार अशा फेऱ्या आता ओळखीच्या झाल्या आहेत. या सगळ्या धावपळीत लोक एकच शब्द शोधत असतात: ‘कुणबी’ किंवा ‘महादेव कोळी’. तो मिळाला की पेढे वाटले जातात. माझं म्हणणं असं, की शोध तिथे संपत नाही. तो शब्द ज्या माणसापुढे लिहिला आहे तो आपलाच पूर्वज, हे दाखवणं हेच खरं काम आहे, आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं.

जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीचं, म्हणजे गाव नमुना १४ चं, एखादं पान नमुन्यादाखल डोळ्यांपुढे आणू. लोक याला कोतवाल बुकही म्हणतात. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरं लोंबकळत ठेवायची, अशी रीत. ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दाशब्दांत जागा नाही, बोरूची शाई कुठे दाट तर कुठे पुसट. त्यात एक ओळ निघते: ‘राघू बिन तुका’, पुढे ‘कु’ आणि एक टिंब. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. बाई असेल तर ‘सखू कोम राघू’, म्हणजे राघूची बायको. तिच्या बापाचं नाव तिथेच संपलं. आडनाव नाही. पाटलाला त्याची गरजही नव्हती, गावात राघू कोण हे त्याला तोंडपाठ होतं. पण आज तळेगावातल्या सहा घरांच्या वंशावळीत एकेक राघू निघतो, आणि निम्म्यांचा बाप तुकाच असतो. मुलगा २००७ चा, बाप १९७८ चा, आजोबा १९५० चे, पणजोबा १९२२ चे आणि खापरपणजोबा राघू १८९५ च्या आसपासचे धरले, तर मुलापासून राघूपर्यंत चार सांधे होतात. ‘कु’ या अक्षराने त्यांतला एकही सांधा जुळत नाही.

गावाच्या नावाचाच घोळ घ्या. जुन्या कागदावर नुसतं ‘मौजे तळेगाव’ असेल तर ते आपलंच, असं इथल्या माणसाला सहज वाटतं. पण याच पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात तळेगाव ढमढेरे आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या संगमनेर तालुक्यात तळेगाव दिघे. सरसेनापती दाभाड्यांचं नाव गावाला चिकटलं ते ओळख पटावी म्हणूनच, मात्र कारकुनाने घाईत ते गाळलं की ओळख गेली. मग तालुका कुठला, तर्फ कुठली, शेजारच्या ओळींत इंदोरी, वराळे, सोमाटणे ही नावं येतात का, हे पाहावं लागतं. हवी ती एक ओळ मोबाइलवर टिपून बाहेर पडणाऱ्याला हे कळणार नाही. त्यासाठी वहीचं पुठ्ठ्यापासून शेवटपर्यंत एकेक पान उलटायला हवं.

सांधा जुळवणारा कागद असतोच, फक्त त्यावर जात नसल्यामुळे तो बिनकामाचा समजला जातो. खातेदार मेला की तलाठी सहा-क या नमुन्यात वारस लिहितो, मग फेरफार पडतो: अमुक मयत, वारस मुलगा अमुक, मुलगा तमुक, विधवा अमुक. बाप आणि सगळी मुलं एका ओळीत, तारखेसह, मंडल अधिकाऱ्याच्या सहीनिशी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलीही त्या ओळीत येऊ लागल्या. माझ्या मते वंशावळीसाठी याहून चोख सरकारी कागद नाही. त्यातही खाचा आहेत. एकत्र कुटुंबात थोरल्याचंच नाव ‘ए. कु. मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून सातबाऱ्यावर लागे आणि धाकटे भाऊ कागदावरून गुप्त होत. धाकट्याच्या नातवाने आपल्या आजोबांचं नाव सातबाऱ्यावर कितीही शोधलं तरी मिळणार नाही, त्याने चुलत आजोबांचा फेरफार काढायला हवा. भावकीत बोलणं बंद असेल तर तोही मार्ग अवघड, हा भाग वेगळा.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा, की जमीन होती त्यांनाच फेरफार मिळणार. आक्षेप खराच आहे. महसुली दप्तर सारा वसूल करायला निर्माण झालं, कुळाचा इतिहास ठेवायला नव्हे. आंदर मावळातल्या ठाकरवाडीला किंवा कातकरी वस्तीला त्याने फारसं विचारलं नाही, आणि शाळेचा उंबरा तिथे एखाद्या पिढीने आत्ता ओलांडला. अशा घराकडे १९५० आधीचा कागद मागणं म्हणजे ज्या वहीत त्याला कधी बसवलंच नाही तिच्यातली पावती मागणं. पण यावरून नात्याचा पुरावा सोडून द्यावा असं ठरत नाही. कुठल्या घराचा कागद असणं शक्य होतं हे आधी ठरवावं आणि त्या मापाने त्याला तोलावं, एवढंच ठरतं. जमीन असलेल्या घराने फेरफार दाखवावा. बिनजमिनीच्या घरासाठी वस्तीवर जाऊन केलेली चौकशी आणि रक्तनात्यातल्या कुणाला मिळालेली वैधता यांना जास्त वजन द्यावं.

दुसरा आक्षेप खोट्या दाव्यांचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जुन्या रजिस्टरात ‘हिंदू कोळी’ एवढंच असतं. कोळी हा शब्द मोठा पसरट आहे. महादेव कोळी, मल्हार कोळी, ढोर कोळी अनुसूचित जमातींत मोडतात, तर इतर कोळी विशेष मागास प्रवर्गात. १९७६ च्या दुरुस्तीने जमातींच्या यादीतल्या तालुक्यांच्या अटी उठल्या, तसे राज्यभरातून दावे येऊ लागले, आणि खऱ्या आदिवासींच्या जागा जातात ही तक्रार तेव्हापासूनची. म्हणून दक्षता पथकं नेमली गेली, देव कोणते, लग्नात काय करता असे प्रश्न विचारून आप्तभाव तपासण्याची पद्धत आली. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, असं स्पष्ट केलं. ते योग्यच झालं, कारण चाकणच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या बापाच्या, फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाला डोंगरदेवाचं गाणं येत नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. आणि पुस्तक वाचून उत्तरं पाठ करणाऱ्याला ती येतात! बनावटीला खरा अडसर नात्याच्या साखळीचाच आहे. ‘कोळी’च्या आधी बारीक अक्षरात ‘म.’ घुसवायला एक थेंब शाई लागते. चार पिढ्यांचे सांधे बनवायचे तर शाळा, तलाठी, नगरपरिषद आणि भूमी अभिलेख अशा चार ठिकाणच्या चार काळांतल्या वह्या हाताळाव्या लागतील.

दूर अमेरिकेत चेरोकी या तिथल्या मूळनिवासी जमातीच्या वंशाचा शोध घेणाऱ्यांपुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा असतो. १८३८-३९ मध्ये या लोकांना त्यांच्या मुलखातून हुसकून पश्चिमेला नेलं गेलं. पुढे १८९८ पासून जमिनीची वाटणी करण्यासाठी डॉज आयोगाने त्यांची यादी केली. ओक्लाहोमातल्या चेरोकी नेशनचं नागरिकत्व आजही त्या यादीतल्या माणसाचा थेट वंशज असल्यावरच मिळतं. आजी चेरोकी होती ही घरातली आठवण तिथे चालत नाही, आणि यादीत आपल्या आडनावाचा कुणी सापडणंही पुरत नाही. शोधणाऱ्याला खरा आधार देतं ते नोंदणीचं कार्ड, कारण त्यावर कुटुंबातली नाती आणि प्रत्येकाच्या आईबापांची नावं आहेत. म्हणजे तिथेही जमीन वाटायला केलेला कागद वंशावळीच्या कामी आला. फरक एक: चेरोकींचं कूळ परंपरेने आईकडून चालत आलं आणि आज नागरिकत्वासाठी आई किंवा बाप कुणाचीही बाजू चालते. आपल्याकडे साखळी सहसा बापाच्या बाजूनेच बघितली जाते. कुणबी दाखल्यासाठी सोयरिकीतली नातीही धरू पाहणाऱ्या जानेवारी २०२४ च्या ‘सगेसोयरे’ मसुद्यावरून गदारोळ झाला, त्याला हीही पार्श्वभूमी होती. आईकडची नाती धरली तर ‘सखू कोम राघू’च्या बापाचं नाव कुठून आणायचं, हा प्रश्न मात्र त्या वादात फारसा कुणी विचारला नाही.

गावाला सगळं ठाऊक असतं, कागद कशाला, असंही म्हणतात. गावाला ठाऊक होतं, हे खरं. पण आठवण दोन तुकांचा एक तुका करते आणि मधली पिढी गिळते. आठवणीने दिशा दाखवावी, पुरावा वहीने द्यावा. नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या नामावळीत भाऊ, मुलगे, गाव असं सगळं लिहिलेलं असतं. तिला सरकारी नोंदीचं वजन नसलं तरी कुठला फेरफार काढायचा हे तिच्यावरून नेमकं कळतं.

तळेगावच्या बाबतीत एक कागद मात्र आताच जपायला हवा. १९६१ च्या औद्योगिक विकास कायद्याखाली नवलाख उंब्रे, आंबी, मंगरूळ या बाजूला एमआयडीसीसाठी जमिनी गेल्या. सातबाऱ्याच्या इतर हक्कात त्या कायद्याच्या कलम ३२(२) चा शेरा पडला, आणि पुढे खातेदाराचं नाव कमी होऊन महामंडळाचं लागलं. फेरफारांची ओळ त्या घरापुरती तिथे तुटली. पण मोबदला वाटायचा तर हिस्सेदार कोण हे ठरवावं लागतंच. त्यामुळे एरवी ए. कु. मॅ.च्या आड राहिलेले धाकटे भाऊ, नांदायला गेलेल्या बहिणी, मुंबईला गेलेला चुलता, अशी सगळी भावकी संपादनाच्या आणि वाटपाच्या कागदांत एकत्र येते. मोबदल्याच्या रकमेवरून घराघरांत अजून भांडणं चालू आहेत. तो आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण निवाड्याची नक्कल कुणाकडे आहे म्हणून विचारलं की माळ्यावरच्या पेटीत बघावं लागतं.